दफ्तर एकच, अंमल निराळा

पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्याने एखादी दुपार घालविली आहे, त्याला रुमाल हा शब्द खिशातल्या वस्त्राखेरीज आणखी एका अर्थाने ठाऊक असतो. जाड कापडात बांधलेली, वर गाठ मारलेली, दोन-अडीचशे वर्षांची धूळ पोटात घेऊन बसलेली कागदांची गाठोडी म्हणजे रुमाल. शिपाई त्यांतला एक आणून मेजावर ठेवतो, गाठ सोडतो, आणि कुणा कमाविसदाराने कुणा पाटलाला दिलेल्या ताकिदीची मोडीतली पहिली ओळ उजेडात येते. शेजारच्या मांडणीवरचे रुमाल मात्र तसेच मुके राहतात. रियासतकार सरदेसायांनी या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले त्याला आता नव्वद वर्षे उलटून गेली, तरी न सुटलेल्या गाठी सुटलेल्या गाठींहून कितीतरी अधिक आहेत.

या रुमालांची आठवण होण्यास कारण घडले ते एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील एक व्याख्यान. वक्ते विद्वान होते, विषय माणसाच्या उत्क्रांतीचा होता, आणि माणूस व चिंपांझी हे नव्व्याण्णव टक्के सारखे आहेत हे वाक्य त्यांनी योग्य तो विराम घेऊन उच्चारताच सभागृहात हशा पिकला. माझ्या शेजारच्या सद्गृहस्थांनी, ‘म्हणजे आमच्या घरातले म्हणतात ते खरेच निघाले,’ असे म्हणून पानाची चंची उघडली. त्या आकड्याने अर्धी सभा नम्र झाली असेल, उरलेली अर्धी मनातून दुखावली असेल. पण त्या आकड्याचा अर्थ काय, तो कोणी, कशासाठी आणि कोणत्या युक्तिवादाच्या ओघात मांडला, हे ना वक्त्यांनी सांगितले ना कोणी विचारले. आकडा खोटा नाही; पण ज्या ठिकाणी विचाराला आरंभ व्हावयाचा त्या ठिकाणीच तो विचाराला निरोप देतो, ही माझी तक्रार आहे.

आपल्या देहातील प्रत्येक पेशी, केंद्रक गमावून बसलेल्या तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर, पेशवे दफ्तरासारखेच एक संपूर्ण दफ्तर जवळ बाळगून असते. यकृताच्या पेशीपाशी जे कागद तेच मेंदूच्या पेशीपाशी, आणि डोळ्याच्या पडद्यात जे तेच टाचेच्या कातडीत. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या या तीन अब्ज अक्षरांच्या दफ्तरात प्रथिने घडविण्याचे हुकूम असलेले कागद, म्हणजे जनुके, वीस हजारांच्या आसपास भरतात. परंतु कोणतीही पेशी ते सारे वाचीत बसत नाही. मूळ कागद, म्हणजे डीएनए, केंद्रकाच्या बाहेर कधी जात नाही. त्याची नक्कल, म्हणजे आरएनए, काढून ती कारखान्याकडे रवाना होते, आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन घडते. कोणत्या रुमालाची गाठ सोडावयाची, एकेका कागदाच्या किती नकला काढावयाच्या, आणि कोणत्या घटकेला ती गाठ पुन्हा आवळावयाची, या शिरस्त्यातच यकृत हे यकृत आणि मेंदू हा मेंदू का, याचे उत्तर साठविलेले आहे. जनुकांची अभिव्यक्ती असे ज्याला आपले परिभाषाकार म्हणतात ते हेच.

हा अभिव्यक्ती शब्द मला तितकासा रुचत नाही. तो आपल्याकडे काव्यचर्चेत इतका रुळला आहे की, जनुकांची अभिव्यक्ती म्हटल्यावर अंतःकरणातील भावना उचंबळून बाहेर पडत असाव्यात असे चित्र वाचकापुढे उभे राहते. वस्तुतः येथे भावना नाही, कारकुनी आहे. अंमल हा आपल्या जुन्या कारभारातला शब्द या कामी अधिक नेमका बसला असता. कायदा पुस्तकात असतो, अंमल मामलेदाराच्या हाती असतो, आणि एकाच कायद्याखाली दोन तालुक्यांची स्थिती किती भिन्न असू शकते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला निराळे समजावून देण्याचे कारण नाही. म्हणून पुढे मी अंमल असेच म्हणणार आहे.

आता त्या नव्व्याण्णवाची जन्मकथा. १९७५ साली बर्कली येथे मेरी-क्लेअर किंग या तरुण संशोधिकेने आणि तिचे मार्गदर्शक अ‍ॅलन विल्सन यांनी माणसाची व चिंपांझीची प्रथिने शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली आणि ती सरासरीने नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक एकसारखी आहेत असा हिशेब मांडला. एवढाच भाग जगभर गाजला. वास्तविक त्या निबंधाचा रोख याच्या नेमका उलट दिशेला होता. प्रथिने जर इतकी सारखी आहेत, आणि तरीही एक प्राणी झाडावर घरटे करून निजतो व दुसरा त्या झाडाची मालकी कोर्टात सिद्ध करीत बसतो, तर हा फरक प्रथिनांच्या घडणीत असू शकणार नाही. तो जनुकांच्या नियमनात, म्हणजेच अंमलात शोधावा लागेल, असे त्या दोघांचे प्रतिपादन होते. ज्या आकड्याने काही उलगडत नाही हे दाखविण्यासाठी तो मांडला गेला, तोच आकडा सर्व उलगडा झाल्याच्या थाटात आज पन्नास वर्षे सभासंमेलनांतून फिरतो आहे. (याच किंगबाईंनी पुढे स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित असलेल्या एका जनुकाचा ठावठिकाणा १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर लावला, आणि अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या बालकांची त्यांच्या आज्यांशी गाठ घालून देण्याच्या कामी आपले शास्त्र खर्ची घातले. त्यांचे चरित्र मराठीत सविस्तर लिहिण्याजोगे आहे. पण तो निराळा विषय झाला.)

२००५ साली चिंपांझीच्या दफ्तराची पहिली वाचनी प्रसिद्ध झाली तेव्हा सुटी अक्षरे बदललेली स्थाने सुमारे साडेतीन कोटी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या जवळपास, भरली. शिवाय कुठे मजकूर गाळलेला, कुठे घुसडलेला, अशी आणखी सुमारे पन्नास लाख स्थाने निघाली. साडेतीन कोटी ही संख्या टक्क्यांच्या पोटात घातली की नगण्य वाटते, हा टक्केवारीचा जुना गुण आहे. पण यांतले बहुसंख्य बदल निरुपद्रवी असतात. नकलनविसाच्या हातून ऱ्हस्वाचे दीर्घ व्हावे तसे. अर्थ पालटणारे बदल कोणते, हे हुडकण्यासाठी कॅथरीन पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक युक्ती योजिली. जे मजकूर इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षे जसेच्या तसे राहिले, पण माणसाच्या शाखेत एकाएकी बदलले, तेवढेच त्यांनी वेचून काढले. त्या यादीत अग्रस्थानी आला तो अवघ्या ११८ अक्षरांचा एक तुकडा. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात त्यातली दोनच अक्षरे निराळी. चिंपांझी आणि माणूस यांच्यात अठरा! हा तुकडा प्रथिनाचा हुकूम नाहीच. त्याची नुसती आरएनएची नक्कल निघते, आणि ती गर्भाच्या सातव्या आठवड्यापासून एकोणिसाव्यापर्यंत, मेंदूच्या बाह्यकाचे थर रचले जात असताना, त्या रचनेवर देखरेख करणाऱ्या विशिष्ट पेशींत निघते. किंग आणि विल्सन यांनी बोट दाखविले होते ते याच दिशेला.

मग मेंदूतला अंमल प्रत्यक्ष मोजण्याची खटपट सुरू झाली, आणि तिचा आरंभ काहीसा घाईचा झाला, हेही नमूद केले पाहिजे. जर्मनीतील लाइपझिग येथे स्वांते पेबो (नामशेष झालेल्या मानवी ज्ञातींच्या डीएनएसाठी ज्यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली माणूस, चिंपांझी, ओरांगउटान व मकाक माकड यांच्या मेंदूतील, यकृतातील आणि रक्तातील नकला मोजून असा निष्कर्ष काढला की, माणसाच्या शाखेत मेंदूतला अंमल विशेष वेगाने बदलला. नमुने बोटांवर मोजण्याइतके थोडे होते. आणि नकला पकडण्याचे जाळे मानवी अक्षरांच्या मापाने विणलेले असल्यामुळे चिंपांझीच्या काही नकला त्यातून निसटत असण्याचा संभव होता. २००५ साली याच परिवारातील संशोधकांनी हृदय, यकृत, मूत्रपिंड, वृषण आणि मेंदू अशा पाच अवयवांचा ताळेबंद मांडला, तेव्हा माणूस व चिंपांझी यांच्यात सर्वांत थोडा फरक निघाला तो मेंदूत, आणि सर्वांत अधिक वृषणात. ज्या अवयवाच्या बळावर माणूस सृष्टीत आपले वेगळेपण मिरवितो तो तालिकेच्या तळाशी, आणि ज्याचा उल्लेख सभ्य मंडळींत होत नाही तो शिखरावर, हा निसर्गाचा विनोद त्या व्याख्यानमालेतल्या विनोदापेक्षा मला अधिक दर्जेदार वाटतो. मात्र जो काही थोडा फरक मेंदूत निघाला, त्यातला मोठा वाटा माणसाच्या शाखेवर पडतो, हेही त्याच ताळेबंदाने दाखविले. मेंदूचा कारभार इतका गुंतागुंतीचा आणि परस्परावलंबी आहे की, एक गाठ सैल केली तर दहा ठिकाणी ताण पडतो. म्हणून तो बदल सहजासहजी सोशीत नाही, आणि जो सोशितो तो मोलाचा असतो.

मोलाचा म्हणजे कसा, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रमाणाचे नसून मुदतीचे आहे. चेतापेशी एकमेकींशी जेथे जोडल्या जातात त्या जोडण्या बांधण्याचे काम ज्या जनुकांकडे आहे, त्यांचा कपाळामागच्या बाह्यकातील अंमल जन्मानंतर चढत जातो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. चिंपांझी आणि मकाक यांच्यात हे शिखर वयाचे पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वीच येऊन जाते. माणसात ते पाचव्या वर्षाच्या सुमारास येते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात दिसून आले. जनुके तीच, कामही तेच, पण माणसाच्या मेंदूत कामाची तारीख पुढे ढकललेली आहे. माकडाचे पोर वर्षाच्या आत फांदीवर स्वतःचा तोल सांभाळू लागते. आपले पाच वर्षांचे पोर चपला उलट्या पायांत घालते, ताटातल्या वरणात बोटाने नदी काढते आणि एकच गोष्ट सलग चौदाव्यांदा सांगावयास लावते. त्याच्या कपाळामागे मात्र बांधकामाची मजुरी त्या वेळी ऐन रंगात असते. कारभारात दिरंगाई हा दोष, पण येथे तिच्याच पोटी शिकण्याला अवकाश मिळालेला दिसतो. आपल्याकडे मुलाच्या हाती धुळपाटी देण्याचा संस्कार पाचव्या वर्षी होत असे, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यावरून आपल्या पूर्वजांना जनुकांचा अंमल अवगत होता असे व्याख्यान देण्यास कोणी उठू नये, अशी नम्र सूचना आहे. मुले निरखून पाहणाऱ्या माणसांना जे दिसते ते त्यांना दिसले, आणि तेवढे पुरेसे आहे.

दुसरा एक तपशील याहून चमत्कारिक आहे. येल विद्यापीठात नेनाद शेस्तान यांच्या प्रयोगशाळेने २०१७ साली माणूस, चिंपांझी आणि मकाक यांच्या मेंदूंचे सोळा सोळा विभाग पाडून नकला ताडून पाहिल्या. डोपामिन हे द्रव्य तयार करण्याच्या कामातील एक जनुक माणसाच्या बाह्यकातल्या तुरळक, विखुरलेल्या पेशींत चालू असलेले त्यांना आढळले. आफ्रिकेतल्या वानरांच्या, म्हणजे आपल्या निकटतम भाऊबंदांच्या, बाह्यकात मात्र त्या पेशींचा मागमूस लागला नाही. कागद त्यांच्याही दफ्तरात आहे. गाठ सुटलेली नाही, इतकेच.

येथवर वाचून एखादा व्यवहारी वाचक विचारील की, चिंपांझीशी आपले नाते चुलत की सख्खे याचा निवाडा लागून आमच्या घरात काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चिंपांझीपाशी नसून उंदरापाशी आहे. मनाच्या व मेंदूच्या विकारांवरील बहुतेक औषधांची पहिली पारख उंदरावर होते. उंदराची आणि आपली वाट सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी फुटली. तरीही मेंदूच्या बाह्यकातील पेशींचे प्रकार दोघांत बरेचसे जुळतात, हे अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील अ‍ॅलन संस्थेने २०१९ साली पेशीपेशीतील नकला मोजून दाखविले. पण जुळणाऱ्या त्या पेशींत अंमल मात्र पुष्कळ ठिकाणी भिन्न निघाला, आणि ज्या जनुक-कुटुंबांत ही तफावत सर्वाधिक आढळली त्यांत सेरोटोनिन ग्रहण करणाऱ्या प्रथिनांचे कुटुंब अग्रभागी होते. नैराश्यावर जी औषधे आज घराघरांत पोहोचली आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा व्यवहार याच सेरोटोनिनशी आहे. उंदरात एका प्रकारच्या पेशीत चालू असलेली जनुके माणसात दुसऱ्याच पेशीत चालू असतील, तर उंदराला गुण आला म्हणून माणसाला येईल ही खात्री कोणाच्या भरवशावर द्यावयाची?

याचा अर्थ उंदरावरील संशोधन वाया गेले असा कोणी घेऊ नये. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने, सेरोटोनिन हे चेतापेशींतील तंतुकणिकांची, म्हणजे पेशीच्या ऊर्जाभट्ट्यांची, संख्या आणि कार्यक्षमता वाढविते हे २०१९ साली उंदीरवर्गीय प्राण्यांच्या चेतापेशींवरच सिद्ध केले, आणि ते काम उच्च कोटीचे आहे. कार्यकारणाची साखळी उलगडावयाची तर असे प्राणी लागणारच. पण त्या साखळीची शेवटची कडी माणसाच्या मेंदूतच तपासावी लागते, आणि त्यासाठी माणसाचा मेंदू हाती असावा लागतो.

तो येतो कोठून? कधी अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना जो अंश काढून टाकावाच लागतो त्यातून. पण मुख्यतः मरणोत्तर दानातून. आरएनए ही वस्तू मोठी नाजूक. तिला तोडणारी द्रव्ये आपल्या बोटांच्या टोकांवरसुद्धा असतात, आणि मृत्यूनंतर मेंदू जितका वेळ उघड्या तपमानात राहील, मरणापूर्वी ज्वर व तगमग जितकी दीर्घ चालली असेल, तितक्या नकला विरत जातात. म्हणून मेंदू लवकर मिळवून, त्याचे तुकडे करून, उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत ठेवावा लागतो. हे काम सातत्याने, वर्षानुवर्षे झाले ते मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात. साहजिकच मानवी मेंदूतील अंमलाचे जे नकाशे आज जगापुढे आहेत ते बव्हंशी तिकडच्या माणसांचे आहेत. मद्रासच्या आयआयटीने गर्भावस्थेतील मानवी मेंदूच्या ५,१३२ छेदांचा नकाशासंग्रह २०२४ साली जगाला खुला केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तो प्रामुख्याने रचनेचा नकाशा आहे, अंमलाचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे, आणि तिला जोडून एक संग्रहालयही आहे. काही वर्षांपूर्वी मी ते पाहावयास गेलो होतो. तेथल्या मार्गदर्शकबाईंनी हातमोजे दिले आणि एक मेंदू माझ्या ओंजळीत ठेवला. औषधी द्रवाच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी आले. हाताला तो अपेक्षेपेक्षा जड आणि घट्ट लागला, भिजलेल्या रबरासारखा. कुणाचा होता, विचारण्याचे धाडस झाले नाही. बाईंनी एका वळीवर बोट ठेवून सांगितले की, येथे बोलण्याचे काम चालते. आणि मला एकदम वाटले की चालत होते असे म्हणावयास हवे. त्या मेंदूने मला आपला आकार दाखविला, वळ्या दाखविल्या, रक्तवाहिन्यांच्या खुणा दाखविल्या. पण फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या मेंदूत नकलांची चुरगळून लगदी झालेली असते, आणि मरणाच्या दिवशी त्यात कोणते रुमाल उघडे होते हे त्यातून धडपणे वाचता येत नाही.

आपल्याकडचे देहदान हेही बहुतांशी याच वाटेने जाते. १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याच्या आधारे महाराष्ट्रात आज हजारो माणसे आपला देह वैद्यकीय महाविद्यालयांना लिहून ठेवतात. त्यांतून विद्यार्थी शरीररचना शिकतात, आणि या उपक्रमाबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या मार्गाने गेलेला मेंदू फॉर्मालिनात जातो, शीतपेटीत जात नाही. जनुकांच्या अंमलाच्या अभ्यासासाठी निराळी संमती, निराळी तातडी आणि रात्री-अपरात्री दूरध्वनी उचलणारा निराळा माणूस लागतो. आपल्या राज्यातील मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना अशी एकेक शीतपेटी, दोन प्रशिक्षित माणसे आणि एक रुग्णवाहिका देणे हे काही राज्याच्या तिजोरीला न झेपणारे ओझे नव्हे. एका मंत्र्याच्या दौऱ्याचा खर्चवेच पाहिला तर हे कोणालाही पटेल.

आप्तांच्या मनात अडचण असते ती कवटी उघडण्याची. ती समजण्यासारखी आहे, आणि तिला अंधश्रद्धा म्हणून हिणविणारे सुधारक काही साधीत नाहीत. आप्तांना एवढेच सांगावे की, छेद डोक्यावर केसांच्या आड, एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतला जातो, चेहऱ्याला धक्का लागत नाही, आणि त्यानंतर अंत्यदर्शन, अग्निसंस्कार, सारे यथासांग होऊ शकते. निरोगी माणसाचा मेंदूही हवा असतो, किंबहुना तो अधिक हवा असतो; कारण रोगी अंमल ओळखावयाचा तर निरोगी अंमल कसा असतो हे आधी कळले पाहिजे. तेव्हा वाचकहो, मृत्युपत्र करीत असाल तर त्यात एक ओळ याची घाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरच्यांना आजच तोंडी सांगून ठेवा, कारण मृत्युपत्र उघडले जाते ते तेराव्यानंतर. मरणोत्तर नेत्रदानाला सहा तासांची मुदत असते हे आता खेडोपाडी ठाऊक झाले आहे; मेंदूसाठी ती साधारण एका दिवसाची असते.